थायरॉइड रिपोर्टवरच्या आकड्यांचे काय करायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थायरॉइडचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की डॉक्टर-पेशंटचे बोलणे बहुधा तिथेच संपते. थकवा, केस गळणे तसेच राहते. मग मोबाइलवर कोणीतरी सांगते, ‘नॉर्मल नको, ऑप्टिमल (सर्वांत उत्तम) हवे’, आणि बाई गंगापूर रोडवर हार्मोन पॅकेजचे पैसे भरून येते. दवाखान्यात दोन मिनिटे समजावले असते तर यातले निम्मे पैसे वाचले असते, असे मला निवृत्त लॅब तंत्रज्ञ म्हणून वाटते.

रिपोर्टवर छापलेली मर्यादा (टीएसएच या, थायरॉइडला काम करायला लावणाऱ्या हार्मोनची साधारण ०.४ ते ४.५) निरोगी समजलेल्या लोकांचे रक्त तपासून, त्यांतले मधले ९५ टक्के धरून ठरवतात. माणसाची स्वतःची पातळी मात्र या पट्ट्याच्या छोट्याशा भागातच फिरते. वर्षानुवर्षे १.२ असणाऱ्याचा आकडा ४ झाला, तर रिपोर्टवर तो ठळक छापला जात नाही, पण त्या माणसापुरता तो बदलच. म्हणून जुने रिपोर्ट रद्दीत घालू नयेत. शिवाय टीएसएच रात्री-पहाटे जास्त, दुपारी कमी असतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाने काही यंत्रांवर तो खोटाच कमी दिसतो. हे विचारतो कोण?

आता ‘ऑप्टिमल’वाल्यांचे. टीएसएच किंचित वाढलेल्या ६५ वर्षांपुढच्या लोकांना थायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) देऊन पाहिले, तर थकव्यात फरक पडला नाही, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत दिसले. गोळी जास्त झाली तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे ठिसूळ होतात. आकडा ‘सुंदर’ करण्यासाठी हा धोका कशाला? थकव्याचा चोर पुष्कळदा भलतीकडेच सापडतो: हिमोग्लोबिन ठीक, पण फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तळाला, शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्व कमी. टीएसएचपुढे ही नावे चिठ्ठीवर क्वचितच येतात.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. त्याने पुढाकार घेऊन लॅबचालकांना बोलवावे. वयानुसार आणि गर्भवतींसाठी तिमाहीनुसार वेगळ्या मर्यादा मराठीत छापायला खर्च तो काय येणार? आपल्या पुरवणीतही एखाद्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडून (हार्मोनतज्ज्ञाकडून) वाचकांच्या रिपोर्टवरच्या शंकांना उत्तरे मिळाली तर बरे होईल.

आपली,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ,
इंदिरानगर, नाशिक