चित्र सरळ करून देणाऱ्यांचे आभार

इंदूरच्या आमच्या घरातील जुन्या कृष्णधवल व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या) टीव्हीचे चित्र पूर्ववत करण्यासाठी ज्या जाणकारांनी वेळ दिला, त्यांचे मनःपूर्वक आभार. चित्राची उंची घटून तळाचा भाग स्वतःवरच दुमडत होता. तेव्हा नवा व्हॉल्व्ह शोधण्यापूर्वी व्हर्टिकल आउटपुट व्हॉल्व्हचा, म्हणजे चित्राची उंची सांभाळणाऱ्या नळीचा, कॅथोड कंडेन्सर आणि तिच्या ग्रिडकडे (प्रवाह आवरणाऱ्या जाळीकडे) जाणारा कागदी कंडेन्सर तपासावा, कारण कागदी कंडेन्सर गळू लागला की ग्रिडचा ऋण बायस (तिच्यावरचा ठरावीक ऋण विद्युतदाब) ढळतो, हे जेल रोडवरील एका वयस्कर कारागिरांनी शांतपणे समजावले, आणि दोष तिथेच निघाला. (इतके समजावून सांगणारे कारागीर आता विरळाच.) चित्र तिरप्या पट्ट्यांत फाटत होते, त्या वेळी हॉरिझॉन्टल ऑसिलेटर (चित्राच्या आडव्या रेषांची गती ठरवणारा भाग) 625 रेषांच्या पद्धतीला लागणाऱ्या 15,625 हर्ट्झपासून सरकला असल्याचे एका निवृत्त अभियंता ताईंनी ओळखले. सेट बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर (उच्च दाबाच्या टोकावर) हजारो व्होल्टचा भार टिकू शकतो, तो ट्यूबच्या बाह्य लेपाला जोडलेल्या तारेकडे उतरवल्याशिवाय हात घालू नये, ही ताकीदही त्यांनी न कंटाळता दिली. सुटे कंडेन्सर देऊन पैसे नाकारणाऱ्या गृहस्थांनी तर नावही सांगितले नाही. त्यांच्यापर्यंत हे आभार पोहोचावेत.