प्रश्न विचारण्याची रीतही शिकवावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरीही व्याकरणात पक्की असलेली आपली मुले इंग्रजीत प्रश्न विचारताना उद्धट ठरतात, असा अनुभव घरातच आल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने लंडनच्या एका ग्राहकाला 'व्हेन विल यू सेंड द फाइल?' एवढ्या एका ओळीची मेल पाठवली. वाक्यात चूक शोधून सापडणार नाही, पण उत्तर आले ते तिच्या वरिष्ठांना, आणि तेही नाराजीच्या सुरात. "मावशी, माझ्या मनात 'यू' म्हणजे 'आपण'च होतं गं," असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे खोटे नव्हते. 'आपण फाइल कधी पाठवाल?' यात आदर सर्वनामात आणि क्रियापदातच भागतो. अप्पा बळवंत चौकात अनोळखी माणसाला 'काय हो, कुमठेकर रस्ता इकडूनच ना?' असे थेट विचारले, तरी त्या 'हो'मुळे कोणी रागावत नाही (पुण्यातसुद्धा!). इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण या तिघांना मिळून एकच 'यू'. त्यामुळे अदब वाक्याच्या बांधणीतच घालावी लागते. भाचीने 'कुड यू लेट मी नो व्हेन वी कॅन एक्स्पेक्ट द फाइल?' असे लिहिले असते, तर प्रकरण तिथेच मिटले असते.

मात्र 'कुड यू टेल मी' नुसते पुढे चिकटवून काम होत नाही. त्यानंतर कर्ता पुन्हा क्रियापदाच्या आधी येतो: 'व्हेअर इज द स्टेशन'चे 'व्हेअर द स्टेशन इज' होते. 'व्हेन डज द बस लीव्ह' मधला 'डज' गळून 'व्हेन द बस लीव्ज' उरते, आणि हो-नाही उत्तराच्या प्रश्नाला 'इफ' किंवा 'वेदर' लागते. मराठीत 'स्टेशन कुठे आहे' हे शब्द 'सांगाल का'च्या आधीही जसेच्या तसे राहतात, म्हणून आपल्या मुलांना इंग्रजीतली ही उलटापालट सुचतच नाही.

गंमत अशी की, हाच नियम आपण 'इनडायरेक्ट स्पीच' म्हणून शिकवतो. 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड' हे वाक्य मी स्वतः कितीतरी वर्षे फळ्यावर लिहिले: कर्ता पुढे घ्या, प्रश्नचिन्ह काढा, एक गुण मिळवा. हीच रचना उद्या कोणाला काही विचारताना तोंडी येईल, आणि तेव्हा बाहेरचे वाक्य प्रश्नार्थक असल्यामुळे ते प्रश्नचिन्ह काढायचे नसते, हे मी एकदाही सांगितले नाही.

शिक्षक मंडळींना विनंती आहे की, रूपांतराची पाच वाक्ये कमी करून तोंडी परीक्षेत प्रसंग द्यावेत. स्वारगेटच्या चौकशी खिडकीवर गाडीची वेळ विचारणे, मुख्याध्यापकांकडे रजा मागणे, शेजारच्या बाकावरच्या मित्राकडे पेन मागणे, यांपैकी कुठे आडवळणाने विचारायचे आणि कुठे सरळ, हे मुलांनी स्वतः ठरवावे. पेनासाठी कोणी 'आय वॉज वंडरिंग इफ' अशी सुरुवात केली, तर वर्ग हसेल. त्याचे गुण कापायचे की नाही, ते परीक्षकांनी पाहावे.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
कोथरूड, पुणे