उरलेले सहा डबे कुर्डुवाडीला

लातूर

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

काल तू विचारलंस, "आई, तो रेल्वेचा केक कसा केला होतास?" तेव्हा माझी फोडणी जळत होती, म्हणून फोन ठेवला. घरमालकांच्या नातवाला जेसीबीचा केक करून देतो असं कबूल करून बसलायस, तर आता लिहूनच पाठवते. फोनवर सांगितलेलं तू अर्धं ऐकतोस.

तुला त्यातलं किती आठवतं कोण जाणे. २०१६ चा एप्रिल. मांजरा धरण आटलेलं, नळ कोरडे, आणि १२ तारखेला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा डबे, पाच लाख लिटर पाणी. बाबा तुला स्टेशनाकडं घेऊन गेले, "आमच्या वेळी याच वाटेनं बार्शी लाईटची छोटी गाडी मिरजेला जायची" म्हणत आजोबाही निघाले. परत आलास तो एकच धोशा लावलास: रविवारी सातव्या वाढदिवसाला पाण्याच्या रेल्वेचा केक, तोही दहा डब्यांचा.

घरात ओव्हन नाही, एक पाच लिटरचा कुकर. डबे ग्लासात भाजायचे, आणि त्यात एका वेळी तीन ग्लास बसतात. दहा डबे म्हणजे चार घाणे, आणि सिलिंडर संपत आलेला. शेवटी बाबांनीच तुला पटवलं की चार डबे पुढं आलेत, उरलेले सहा कुर्डुवाडीला सिग्नलला थांबलेत. तू विश्वास ठेवलास! दुसऱ्या दिवशी सकाळी "ते सहा निघाले का" म्हणून विचारलंसही.

आता कृती. एक वाटी घट्ट दही आणि पाऊण वाटी पिठीसाखर फेटायची. त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून पाच मिनिटं गप्प बसायचं. बुडबुडे आले की अर्धी वाटी तेल आणि दीड वाटी चाळलेला मैदा. मैदा घातल्यावर फार घोटायचं नाही, चिवट होतो. पाण्याचा एक थेंब लागत नाही, म्हणून तर मी तेव्हा हाच केक धरला. कुकरच्या तळाला बोटभर मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, दहा मिनिटं तापवायचा. शिट्टी आणि रिंग दोन्ही काढून ठेव, हे विसरलास तर मला फोन करू नकोस. गॅस बारीक ठेवून पस्तीस-चाळीस मिनिटं. विणायची सुई खुपसून बघायची, कोरडी आली की झालं.

टँकरचे डबे गोल, म्हणून मी ते सरळ उभ्या स्टीलच्या ग्लासात भाजले. निमुळता पेला घेतला तर डबा गाजरासारखा होतो. आतून तेल-मैदा लावून कागद बसवायचा आणि ग्लास अर्धाच भरायचा. कागदानं केक तर सुटतोच, पण माझं खरं कारण वेगळं होतं, ग्लास घासावे लागू नयेत. बाकीची भांडी मी वर्तमानपत्रानं पुसून काढली. आजी ओट्याशी येऊन म्हणाल्या, "प्यायला पाणी नाही अन् काय करूलालीस गं हे?" आणि मग स्वतःच पिठीसाखर चाळायला बसल्या.

फसलं ते रंगात. तुला डबे निळे हवे होते. मी बाजारचं पिवळं बटर फेटून त्यात निळा रंग घातला आणि ते पोपटी झालं. पिवळ्यात निळा घातल्यावर दुसरं काय होणार, पण त्या वेळी डोकं चाललं नाही. त्यात लातूरचं एप्रिलचं ऊन, पोपटी बटर डब्यांवरून ओघळायला लागलं. सगळं खरवडून काढलं. मग दुधाची पावडर आणि पिठीसाखर सारखी घेऊन कंडेन्स्ड मिल्कमध्ये घट्ट मळली, निळा रंग घातला, आणि पोळपाटावर पोळी लाटून एकेका डब्याला गुंडाळली. ती उन्हात वितळत नाही. चाकांना क्रीमची गोल बिस्किटं. इंजिनाला मी हौसेनं धुराडं लावलं होतं, ते तू उपटून खाल्लंस: "आई, ही डिझेलची आहे."

आणि मग औक्षण झाल्यावर तुझा प्रश्न, "ह्याच्यात पाणी कुठंय?" पोरं सगळी बघतायत. बाबांनी चमच्यानं एक डबा वरून कोरला आणि त्यात लिंबाचं सरबत ओतलं. केकनं घटकाभर ते प्यायलं, मग डबा मधोमध उकलला आणि सरबत पाटावर पसरलं. "पाणी सांडलं, पाणी सांडलं!" अशी ओरड झाली. शेजारची एक चिमुरडी पळत जाऊन वाटी घेऊन आली आणि पाटाच्या कडेला धरून बसली. मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

तेव्हा जेसीबीच्या बकेटमध्ये ओलं काही भरू नकोस. किसलेलं चॉकलेट भर, मातीसारखं दिसतं. जेसीबी पिवळी, म्हणजे बटर चालेल, पण पुण्यात ऊन असलं तर पोळीच लाट. सोंड केकची करायला जाऊ नकोस, मोडणार. लांब बिस्किटं आडवी जोडून कर आणि खाली टेकू दे. केक आदल्या रात्री भाजून ठेव, गार झाल्याशिवाय सुरी लावू नकोस. ताज्या केकचा कापताना चुरा होतो.

शनिवारी बाबा पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर सरळ ग्लास पाठवते. तीनच आहेत. चौथा आजोबांचा ताकाचा होता, तो त्यांनी त्याच संध्याकाळी केक काढून घेऊन परत नेला.

तुझी,
आई