राज्यातली पोरे मोजायची, तर सगळ्यांचीच मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलवरचा आपल्या क्रीडा पुरवणीतला लेख वाचला. या खेळावर मराठीत कुणी सविस्तर लिहिते, याचा आनंद झाला. मात्र मिशिगन विद्यापीठाचे माजी प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांनी ‘राज्यातल्या मुलांकडे पाठ फिरवली’ हे विधान पुराव्याशिवाय आले आहे. मी डेट्रॉईटजवळ राहतो. 2008 ते 2010 या त्यांच्या कारकिर्दीत इकडच्या क्रीडापानांवर हा आरोप इतक्या वेळा वाचला, की आता तो तपासायची गरजही कुणाला वाटत नाही.

कॉलेज संघ शाळकरी खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊ करतात आणि मुले त्यातून आपले कॉलेज निवडतात. तेव्हा फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी सह्या व्हायच्या आणि लगेच मोजदाद सुरू व्हायची : राज्यातले किती, बाहेरचे किती. पण प्रशिक्षकाने राज्यातल्या किती मुलांना विचारले होते? किती जणांनी नकार दिला आणि का? मुळात त्या वर्षी राज्यात त्या दर्जाचे खेळाडू होते किती? हे प्रश्न क्वचितच वाचायला मिळाले.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. 2000 ते 2010 या दशकात लोकसंख्या घटलेले मिशिगन हे अमेरिकेतले एकमेव राज्य. जून 2009 मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली. कामासाठी कुटुंबेच्या कुटुंबे राज्य सोडून जात होती. फ्लोरिडाची लोकसंख्या मिशिगनच्या जवळजवळ दुप्पट, शिवाय तिथे बारा महिने मैदानावर उतरता येते. प्रशिक्षक तिकडे वळला, तर त्याला गद्दारी कसे म्हणायचे? फ्लोरिडातल्या डीअरफील्ड बीचहून आलेला डेनार्ड रॉबिन्सन 2010 मध्ये ‘बिग टेन’चा, म्हणजे मिशिगन ज्यात खेळते त्या कॉलेज-लीगचा, सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. आणि राज्यातली मुले घेतलीच नाहीत, असेही नाही. डेट्रॉईटच्या कॅस टेक शाळेचा विल्यम कॅम्पबेल आणि इंकस्टरचा डेव्हिन गार्डनर रॉड्रिगेझ यांनीच आणले. याच गार्डनरने 2013 मध्ये शेजारच्या ओहायो राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्ध 451 यार्डांचे पास दिले. तोवर रॉड्रिगेझ जाऊन तीन मोसम झाले होते.

रॉड्रिगेझ अपयशी ठरले, यात शंका नाही. 37 पैकी 15 सामने जिंकले. ओहायो स्टेट आणि याच राज्यातले दुसरे विद्यापीठ मिशिगन स्टेट या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांकडून तीनही वर्षे हरले. त्यासाठी त्यांची नोकरी गेली ते रास्तच. मिशिगन स्टेटचे तेव्हाचे प्रशिक्षक मार्क डँटोनियो यांनी राज्यात चांगली पकड बसवली, मिशिगनमधल्याच हॉलंडसारख्या गावातून आलेल्या कर्क कझिन्सला घडवले, याचे कौतुकही व्हायलाच हवे. पण डँटोनियोंचा चेंडू घेऊन धावणारा गाजलेला खेळाडू लेव्हिऑन बेल ओहायोचा होता. त्याबद्दल त्यांच्यावर कुणी आगपाखड केल्याचे माझ्या वाचनात नाही.

कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक मिशिगन विद्यापीठाच्या तीन खेळाडूंना मिळाला : 1940 मध्ये टॉम हार्मन, 1991 मध्ये डेस्मंड हॉवर्ड, 1997 मध्ये चार्ल्स वुडसन. पहिला इंडियानात वाढलेला, उरलेले दोघे ओहायोचे. तिघांपैकी एकही मिशिगन राज्यातला नाही! ज्यांच्या नावाने इथे आजही शपथा घेतात, ते प्रशिक्षक बो शेमबेक्लर स्वतः ओहायोचे. जानेवारी 2024 मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात मिशिगनने वॉशिंग्टनला 34-13 असे हरवले, तेव्हा दोन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणे) व्हर्जिनियाच्या ब्लेक कोरमचे होते आणि दोन इथल्याच वेस्ट ब्लूमफील्डच्या डोनोव्हन एडवर्ड्सचे. त्या रात्री कुणाच्या जन्मगावाची चौकशी झाली नाही. हरणाऱ्या प्रशिक्षकाला एक माप आणि जिंकणाऱ्याला दुसरे, हा अन्याय आहे. शिवाय ‘बाहेरचा’ हा शिक्का अठरा वर्षांच्या मुलांवरही बसतो, याचा मला अधिक राग येतो.

आपल्याला विनंती एवढीच, की या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा किती मुलांना शिष्यवृत्ती देऊ केली होती, किती जण दुसरीकडे गेले आणि त्याच वर्षी शेजारच्या विद्यापीठाने काय केले, हे एकत्र छापावे. शाळांच्या प्रशिक्षकांनाही विचारावे; कोण गावात येऊन गेला आणि कोण फिरकलाच नाही, हे त्यांना ठाऊक असते. रॉड्रिगेझ यांच्यावरचे ते वाक्य मात्र आताच दुरुस्त करावे आणि त्यात गार्डनर व कॅम्पबेल यांची नावे द्यावीत.

आपला,
एक वाचक, मिशिगन