अलिबाग म्हणजे नेमके कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्यांचे दिवस आले की ‘अलिबागच्या समुद्रात पर्यटक बुडाला’ असा मथळा कुठे ना कुठे दिसतो, आणि आत वाचावे तर घटना काशीदची असते. काशीद मुरूड तालुक्यात आहे, अलिबाग शहराच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर. तिथले पोलीस ठाणे वेगळे, तहसीलदार वेगळे. मथळा वाचून धावत सुटलेला नातेवाईक मात्र अलिबागच्या ठाण्यात जाऊन उभा राहतो.

‘अलिबाग’ हा शब्द आज तीन अर्थांनी वापरला जातो: शहर, तालुका आणि मुंबईहून दिसणारी पलीकडची सगळी किनारपट्टी. पहिले दोन अर्थ बरोबर आहेत, फक्त ते वेगळे ठेवायला हवेत. किहीम, चौल, रेवदंडा ही गावे तालुक्यात आहेत, शहरात नाहीत. म्हणून ‘अलिबाग तालुक्यातील किहीम’ असे लिहावे. नुसते ‘अलिबागच्या किनाऱ्यावर’ म्हटले की जाणकाराच्या डोळ्यांपुढे कुलाबा किल्ल्यासमोरची, शहराला लागून असलेली पुळण येते. मुंबईकरांची ‘अलिबागची बोट’सुद्धा गेटवेवरून सुटते ती मांडव्याला लागते; पुढे रस्त्याने वीसेक किलोमीटर राहतातच. उलट ‘अलिबागचा पांढरा कांदा’ म्हणताना तालुकाच अभिप्रेत असतो. २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा कार्ले, खंडाळे, नेहुलीसारख्या गावांत भात निघाल्यावर लावतात आणि पातीसकट वेणी घालून माळेने विकतात.

कुलाब्याचा घोळ याहून जुना. कुलाबा किल्ला अलिबागसमोर समुद्रात आहे; ओहोटीला चालत जाता येते. पावसाच्या आकड्यांत येणारे ‘कुलाबा’ हे हवामान केंद्र मात्र मुंबईतले. त्यात भर म्हणजे आमच्या जिल्ह्याचे नावही कुलाबाच होते. १ जानेवारी १९८१ पासून ते रायगड झाले. जिल्ह्याचे मुख्यालय अलिबाग आणि रायगड किल्ला महाड तालुक्यात, त्यामुळे ‘रायगड येथे बैठक’ या शब्दांवरून बैठक समुद्राकाठी झाली की डोंगरावर, ते कळत नाही. बोलताना विभक्ती हे काम चोख करते: रायगडावर म्हणजे किल्ल्यावर, रायगडात म्हणजे जिल्ह्यात. ‘येथे’ लावला की हा भेद पुसला जातो. ‘रायगडावर अतिवृष्टी’ आणि ‘रायगडात अतिवृष्टी’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

आता नावाच्या अर्थाविषयी. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये अली नावाच्या एका सधन मुसलमानाने इथे विहिरी खोदल्या आणि बागा लावल्या, त्यावरून अलिबाग, असे दिले आहे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाची परंपरा सांगते की हा अली त्यांच्या समाजातला होता. शहरातली इस्रायल आळी आणि गावांच्या नावांवरून पडलेली किहीमकर, चौलकर यांसारखी त्यांची आडनावे पाहता तो दावा सहज झटकून टाकता येत नाही. वृत्तलेखात दोन्ही मते द्यावीत. एकच ठामपणे छापण्याइतका पुरावा कुठल्याच बाजूला नाही. विहिरी आणि बागांबद्दल मात्र दोन्ही कथांचे एकमत आहे. नारळी-पोफळीच्या लागवडीला या किनाऱ्यावर वाडी किंवा आगर म्हणतात. नावात आलेला ‘बाग’ फारसी आहे, म्हणजे हे नाव वाडीवाल्यांच्या रोजच्या बोलीतून आलेले दिसत नाही. (आणि हा ‘अली’ म्हणजे ‘आळी’ नव्हे, हेही एकदा सांगून ठेवतो.)

लेखनाचे म्हणाल तर अली हे नाव एकटे लिहिताना ‘ली’ दीर्घ. गावाच्या नावात ते अक्षर शेवटी राहत नाही, उच्चारही आखूड होतो, म्हणून ‘अलिबाग’. नगरपरिषदेच्या नावात हेच रूप आहे. एकाच पानावर ‘अलिबाग’ आणि ‘अलीबाग’ दोन्ही छापून येतात, ते टाळता येईल. बाग हा शब्द मराठीत राणीचा बाग आणि राणीची बाग असा दोन्ही लिंगी चालतो. त्यामुळे ‘अलिबागात’ आणि ‘अलिबागेत’ यांपैकी एकालाही चूक म्हणता येत नाही. ‘अलिबागमध्ये’ही चालेल, फक्त ‘अलिबाग मध्ये’ असे तोडू नये. रोमन लिपीत ‘बाग’च्या मध्ये ‘यू’ घुसवण्याची पद्धत हॉटेलांच्या पाट्यांवर फार दिसते. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून काम करते आहे आणि तिच्या नावात हा ‘यू’ नाही. जगभरच्या नोंदींत तिचे सांकेतिक नाव ‘एबीजी’ आहे.

राहता राहिले भोळसट ठरवण्यासाठी मारले जाणारे ‘अलिबाग से आया है क्या?’. या वाक्यावर बंदी मागणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली. विनोद प्रत्येक समाजावर होतात, तो अपमान मानू नये, असा न्यायालयाचा सूर होता. तो बरोबरच होता. त्या वाक्याने कुणी चुकीच्या पोलीस ठाण्यात जात नाही. काशीदची बातमी ‘अलिबाग’ म्हणून छापली की जातो.

आपला,
एक वाचक, अलिबाग (शहर)