नातीचे 'बेळे' आणि कानाची सवय

मा. संपादक,

बेळगावच्या रविवार पेठेत आमचे भुसारी दुकान आहे. माझी नात मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकते. गेल्या आठवड्यात ती रडतच घरी आली. कानडीच्या तासाला धडा वाचताना 'बेळे' हा शब्द चुकला, वर्ग हसला आणि 'मुद्दाम करतेस' म्हणत तिला तासभर उभे केले. त्या 'मुद्दाम' शब्दासाठी हे पत्र लिहीत आहे.

कानडीत 'बेळे'तला ए आखूड म्हटला तर अर्थ होतो शेतातले पीक, लांबवला तर डाळ. त्यांच्या लिपीत दोन्हींची खूण वेगळी. आपल्याकडे मात्रा एकच, आणि ए कितीही ताणला तरी शब्द बदलत नाही. 'ओ'चेही तसेच: आखूड ओचा 'कोडु' म्हणजे दे, लांब ओचा म्हणजे शिंग. सतराव्या वर्षी मी गल्ल्यावर बसू लागलो, तेव्हा बैलहोंगलच्या एका शेतकऱ्याला आपुलकीने विचारले, 'बेळे ह्यांग ऐती?' मला पीकपाणी विचारायचे होते. तो म्हणाला, डाळ नाही आणली, हरभरा आणलाय. त्याने तीनदा म्हणून दाखवले तरी दोन्ही 'बेळे' मला सारखेच ऐकू आले. त्यात हट्ट कुठला?

माझी थोरली लेक वाचा आणि श्रवणाचे शास्त्र शिकली आहे. तिने यामागचे कारण सांगितले. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. वर्षाची होत आलेल्यांपैकी फार थोड्यांना कळला. घरच्या भाषेत ज्या फरकाने अर्थ बदलत नाही, तो कान सोडून देतो. ट आणि त! आपल्याला तर हा फरक न कळणारा माणूस डोळ्यांसमोर आणणेही कठीण.

पण सोडलेला फरक पुन्हा धरता येतो, आणि मला शाळांपुढे मांडायचे आहे ते हेच. १९९१ साली अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात जपानी भाषकांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' ऐकून ओळखायला शिकवले. जपानीत हा भेद नाही. शब्द अनेकांच्या आवाजात ऐकवले, प्रत्येक उत्तराला चूक की बरोबर ते लगेच सांगितले. मोठी माणसे सुधारली. पुढच्या प्रयोगात एकाच माणसाचा आवाज वापरला, तेव्हा नवा आवाज आला की ती शिकवण उपयोगी पडेना. नंतर असेही दिसले की कान सुधारला की बोलणेही सुधारते.

आपल्या शाळांत मूल वर्षभर एकाच शिक्षकाचे कानडी ऐकते, आणि अक्षर गिरवणे आधी सुरू होते. पहिली काही मिनिटे नुसती ऐकण्याला द्या. वेगवेगळ्या गावांची, वयांची माणसे बोलू द्या.

आणि आपणही हसणे थांबवू या. आमचे कानडी हमाल 'चारा'तला च 'चार'मधल्या चसारखा म्हणतात, कारण कानडीत तो दुसरा च नाहीच. त्यावर मराठी घरांत नकला होतात. माझ्याही घरात झाल्या आहेत, याचे मला वाईट वाटते.

सध्या रोज रात्री जेवण झाले की नातीसमोर मूठभर तूरडाळ आणि जोंधळ्याचे एक कणीस ठेवतो. फोनवर सौंदत्तीचा हमाल, गोकाकचे व्यापारी, शेजारच्या अक्का, त्यांचा कॉलेजातला मुलगा, असे सात जणांचे 'बेळे' भरून घेतले आहेत. ती ऐकते आणि बोट ठेवते. पहिल्या रात्री वीसपैकी नऊ बरोबर आले, काल चौदा. कोणत्याही शाळेला हे आवाज हवे असतील तर दुकानातून घेऊन जावेत.

एक भुसारी दुकानदार,
रविवार पेठ, बेळगाव