डिंगबोचेचा जादा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पर्यटन पुरवणीत एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकची एक जाहिरात आली होती. ‘नोकरदारांसाठी खास, मधले विश्रांतीचे दिवस वगळून.’ ती वाचल्यापासून मनाला चैन नाही.

मी साताऱ्याची, निवृत्त शिक्षिका, वय 59. दर रविवारी अजिंक्यतारा आणि वर्षातून एकदा वासोटा, एवढाच माझा सराव. गेल्या ऑक्टोबरात आम्ही चौघं नेपाळमधल्या आयलंड पीकला गेलो. सहा हजार मीटरहून उंच शिखर. डिंगबोचेपर्यंत वाट बेस कॅम्पचीच. जाताना नामचे (3,440 मीटर) आणि डिंगबोचे (4,410 मीटर) इथे एकेक जादा दिवस मुक्काम होता. जाहिरातीतून उडवलेत ते हेच दिवस.

डिंगबोचेला त्या सकाळी गावामागच्या नांगकारत्सांगच्या धारेवर बरंच वर जाऊन आलो. उंच चढायचं आणि झोपायला खाली यायचं, हा तिथला नियम. मी जरा पाय उचलला की मागून आमचा शेर्पा म्हणायचा, ‘‘दिदी, बिस्तारै, बिस्तारै.’’ म्हणजे हळूहळू.

दुपार मोकळी होती. दगडी गडग्यावर मोजे वाळत घातले आणि उन्हाला पाठ देऊन बसले. समोरच्या भिंतीवर याकच्या शेणाच्या गोवऱ्या थापलेल्या, त्यांवर पाचही बोटांचे ठसे. लॉजच्या मालकीणबाईंनी ताटलीभर उकडलेले बटाटे आणून ठेवले. लिंबाएवढे, सालासकट, वाफा निघत असलेले. साल नखानं काढायचं आणि बटाटा चटणीत बुडवून तोंडात टाकायचा. पहिल्याच घासाला जिभेला मुंग्या आल्या आणि मला आई आठवली. चटणीत टिमुर होतं, आपल्या तिरफळाच्याच कुळातलं. रत्नागिरीला आई बांगड्याच्या कालवणात तिरफळं ठेचून घालायची. साडेचार हजार मीटरवर, भात नाही, मासा नाही, आणि तोंडात तीच चव! मी पिशवीतली शेंगदाण्याची चटणी काढून बाईंना दिली. त्यांनी चिमूटभर चाखली, हसल्या आणि बाटली चुलीवरच्या फळीवर ठेवून दिली. तासभर आम्ही दोघी बटाटे सोलत बसलो. एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यानं काही अडलं नाही.

रात्री तीनदा लघवीला उठावं लागलं. विरळ हवेत श्वास वाढतो, रक्तातला समतोल बदलतो आणि तो सावरायला मूत्रपिंडं जादा काम करतात. शरीर उंचीला रुळू लागल्याची ही खूण. तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा समोरचा अमा दबलाम पर्वत चांदण्यात उभा होता. कोजागिरी होती, हे तेव्हा लक्षात आलं. थंडीनं दात वाजत होते, तरी आत जाववेना.

पुढे आयलंड पीकच्या शिखरावर आम्ही जेमतेम वीस मिनिटं होतो. वारा फार होता.

हे इतकं लिहायचं कारण आमची पहिली खेप. सहा वर्षांपूर्वी एका ट्रेक कंपनीबरोबर बेस कॅम्पला निघालो होतो. त्यांनी डिंगबोचेचा दिवस ‘वाचवला’. लोबुचेत (4,900 मीटरच्या वर) आमच्यातल्या एकीचं डोकं ठणकू लागलं, रात्री ती झोकांड्या द्यायला लागली. अंधारात दोघांनी धरून तिला खाली आणलं. ती वाचली. त्या वाटेवर मी काय पाहिलं म्हणाल, तर पुढच्याच्या बुटांच्या टाचा.

1953 मध्ये तेनसिंग आणि त्यांचे सहकारीसुद्धा एव्हरेस्टला हात घालण्याआधी कित्येक दिवस याच खोऱ्यांतून चढउतार करत होते. आयलंड पीक त्यांनी सरावातच चढलं. मग आठ तास खुर्चीवर बसणाऱ्या आपल्या मुलामुलींना कसली घाई?

तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. माझी विनंती एवढीच, की अशा जाहिराती छापताना कोणत्या रात्री किती उंचीवर मुक्काम आहे, ते कोष्टक आयोजकांकडून मागून घ्या आणि सोबत छापा. वाचकांनीही पैसे भरण्याआधी ते मागावं. नोकरीतून रजा मिळत नसेल, तर बेस कॅम्प पुढच्या वर्षी करा. डिंगबोचेची दुपार मात्र सोडू नका.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा